सोळा बटणे, आठ तारा: कीपॅडच्या रो-कॉलमचा मागोवा

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, ‘फोर बाय फोर कीपॅड’ मागितला की काउंटरवर एक पातळ, मागून चिकटवता येणारी पट्टी येते. तिच्यावर शून्य ते नऊ हे अंक, ए, बी, सी, डी ही चार अक्षरे, एक चांदणी आणि एक हॅश अशी सोळा बटणे असतात. खालून निघालेल्या चपट्या केबलमध्ये मात्र आठच तारा. खराडीत खोल्या घेऊन राहणारे आणि वाघोलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाणारे विद्यार्थी हा कीपॅड प्रोजेक्टसाठी नेतात. आठवडाभर आयटी पार्कमध्ये काम करून रविवारी घरी दाराचे डिजिटल कुलूप करायला बसणारेही हाच नेतात.

जोडायला बसले की पहिली अडचण पिनांची येते. आर्डुइनो उनो या बोर्डावर १४ डिजिटल आणि ६ अ‍ॅनालॉग मिळून २० पिना असतात. त्यांतल्या दोन संगणकाशी बोलण्यात जातात, साधा एलसीडी लावला की आणखी सहा जातात. उरतात बारा. सोळा बटणांना सोळा पिना देणे शक्यच नाही. कीपॅडला मात्र आठच लागतात आणि थोडी युक्ती केली तर दोन, अगदी एकसुद्धा पुरते.

ही बचत एका दिवसात कोणाला सुचलेली नाही. तिच्यामागे सव्वाशे वर्षांहून जास्त काळाचा वारसा आहे आणि त्याचा एक धागा खुद्द खराडीतून जातो. त्या सगळ्या वारशात एकच व्यवहार पुन्हा पुन्हा होताना दिसतो: तार वाचवायची आणि तिची किंमत वेळेत चुकवायची.

जिथे भोक, तिथे तार

१८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथने पंचकार्डाचे यंत्र केले. माणसाची माहिती कार्डावर भोकांच्या रूपात असे. कार्ड एका दाबयंत्रात ठेवायचे आणि मूठ खाली ओढायची. भोक पडू शकेल अशा प्रत्येक जागेवर स्प्रिंगची एक पिन आणि तिच्या बरोबर खाली पाऱ्याची लहानशी वाटी. जिथे भोक असेल तिथे पिन पाऱ्यात बुडे, मंडल पूर्ण होई आणि समोरची तबकडी एक घर पुढे सरके. म्हणजे जितक्या जागा तितक्या पिना. सोळा बटणांना सोळा तारा जोडण्याची हीच पद्धत.

पुढच्या टॅब्युलेटर यंत्रांनी ही पद्धत सोडली. १९२८ साली आयबीएमचे ८० कॉलमचे कार्ड आले. त्याच्या रूढ रूपात प्रत्येक कॉलममध्ये १२ जागा, म्हणजे एकूण ९६०. पण यंत्रात संपर्काचे ब्रश ८० च. कार्ड ब्रशांखालून सरकत जाई आणि ब्रशाला भोक लागले की मंडल पूर्ण होई. भोक कोणत्या कॉलमात आहे ते ब्रशावरून कळे. कोणत्या ओळीत आहे ते मात्र संपर्क कोणत्या क्षणी झाला त्यावरून ठरे. ९६० तारांचे काम ८० तारा आणि एक घड्याळ मिळून करू लागली. आजचा मायक्रोकंट्रोलर कीपॅड वाचताना जे करतो, त्याचे मूळ मला इथे दिसते.

हॉलरिथची पेटंटे ब्रिटनमध्ये ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनी वापरत होती. १९५९ मध्ये पॉवर्स-समासशी एकत्र येऊन ती आयसीटी झाली आणि १९६८ मध्ये आयसीएल. याच घराण्याची भारतीय शाखा पुण्यात होती, इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स इंडियन मॅन्युफॅक्चर, म्हणजे आयसीआयएम. २००० साली तिने झेन्सार हे नाव घेतले. झेन्सारचा परिसर आज नगर रस्त्यालगत खराडीच्या नॉलेज पार्कमध्ये आहे. १९९७ मध्ये महापालिकेत येईपर्यंत ज्या खराडीची ओळख मुळा-मुठेकाठचे गाव अशी होती, तिथे टॅब्युलेटरांच्या वंशातली ही कंपनी स्थिरावली. तिथून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना हे नाते माहीत असेल?

आडवी आणि उभी

दुसरा धागा तारांच्या जाळीचा. १९५० च्या दशकात संगणकाची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची असे. कड्यांमधून आडव्या आणि उभ्या तारा ओवलेल्या असत. एखादे कडे निवडायचे तर त्याच्या आडव्या तारेत निम्मा प्रवाह आणि उभ्या तारेत निम्मा प्रवाह सोडायचा. एकट्या निम्म्या प्रवाहाने कोणतेच कडे हलत नसे. दोन्ही तारा जिथे एकमेकींना छेदतात त्या एकाच कड्यात पूर्ण बळ लागे आणि त्याची चुंबकीय दिशा पालटे. ३२ आडव्या आणि ३२ उभ्या अशा ६४ निवडीच्या तारांनी १०२४ कडी हाताळता येत. एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी व्हर्लविंड संगणकावर १९५३ मध्ये ही स्मृती चालवून दाखवली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये सुरू झाला, त्याची स्मृतीही फेराइट कड्यांचीच होती.

गणित सोपे आहे. एकेका वस्तूला एकेक तार दिली तर तारा बेरजेने वाढतात. ओळी आणि कॉलम यांच्या छेदांवर वस्तू बसवल्या तर वस्तूंची संख्या गुणाकाराने वाढते. चार अधिक चार तारांत सोळा, आठ अधिक आठ तारांत चौसष्ट.

सात सुरांची बारा बटणे

कीपॅडला आजचा चेहरा दिला तो टेलिफोनने. बेल लॅब्जमध्ये जॉन कार्लिन यांच्या गटाने १९५० च्या दशकात बटणांच्या मांडणीचा अभ्यास केला. वर्तुळ, दोन ओळी, तीनतीनच्या रांगा असे नाना प्रकार माणसांच्या हाती देऊन वेग आणि चुका मोजल्या. त्या अभ्यासावरचा आर. एल. डाइनिंजर यांचा लेख १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. १-२-३ वर असलेली मांडणी पक्की झाली आणि १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्वेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत टचटोन फोन ग्राहकांना मिळू लागले. चांदणी आणि हॅश ही बटणे १९६८ मध्ये आली.

टेलिफोनची अडचण आपल्यापेक्षा बिकट होती. घरातून एक्स्चेंजपर्यंत दोनच तारा जातात. त्यांवरूनच बोलायचे, त्यांवरूनच नंबर पाठवायचा. बेलच्या अभियंत्यांनी रो आणि कॉलम सुरांत बांधले. प्रत्येक आडव्या ओळीला एक सूर: ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. प्रत्येक उभ्या कॉलमला एक सूर: १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ. पाच दाबला की ७७० आणि १३३६ एकाच वेळी वाजतात. सात सुरांत बारा बटणे बसली. बोलण्यातला आवाज चुकून आकडा वाटू नये म्हणून कोणताही सूर दुसऱ्याच्या पटीत येणार नाही अशा बेताने ते निवडले होते.

तपकीर गल्लीतल्या कीपॅडवर ए, बी, सी, डी ही चार अक्षरे का, याचेही उत्तर इथेच आहे. १६३३ हर्ट्झचा चौथा कॉलम अमेरिकन लष्कराच्या ऑटोव्हॉन या दूरध्वनी जाळ्यासाठी होता. त्या बटणांनी तातडीच्या कॉलला पुढची रांग मिळे, इतरांचा कॉल तोडूनसुद्धा. घरगुती फोनवर तो कॉलम कधी आला नाही, कीपॅडवर मात्र टिकून राहिला.

हे दोन सूर पुढे महाराष्ट्राच्या शेतातही पोचले. शेतीची वीज बहुतेक रात्रीची, मोटार सुरू करायला काळोखात विहिरीवर जायचे, वाटेत विंचूकाट्याची भीती, आणि तिथे पोचल्यावर वीजच नाही असे कितीदा तरी व्हायचे. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी यासाठी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केले. शेतकरी घरून मोटारीच्या स्टार्टरला जोडलेल्या मोबाईलवर फोन लावतो, कोड दाबतो, आणि वीज आहे का, मोटार चालू झाली का, हे त्याला आवाजावरून कळते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. बटणाच्या रो-कॉलमचा इतका थेट उपयोग मला दुसरा ठाऊक नाही.

चिपच्या पायांची टंचाई

मायक्रोप्रोसेसरचा जन्मच कॅल्क्युलेटरच्या पोटी झाला. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या १४१-पीएफ कॅल्क्युलेटरसाठी इंटेलने १९७१ मध्ये ४००४ ही चिप केली. बिझिकॉमच्या बाजूने मासातोशी शिमा, इंटेलमध्ये टेड हॉफ, स्टॅन मेझर आणि फेडेरिको फॅगिन. चिपला पाय होते सोळाच. बारा बिटांचा पत्ता एकदम बाहेर काढायला जागा नव्हती, म्हणून तो चारचार बिटांच्या तीन तुकड्यांत एकामागून एक पाठवला जाई. इथेही व्यवहार तोच: पाय वाचवले, वेळ दिला.

बिझिकॉमच्या कीबोर्डसाठी त्याच संचातली ४००३ ही चिप होती, दहा बिटांची शिफ्ट रजिस्टर. एका तारेवरून तिला एकेक बिट द्यायचा आणि घड्याळाच्या ठोक्यागणिक तो पुढच्या पायावर सरकवायचा. मोजक्या तारांनी दहा कॉलम एकामागून एक जागे करता येत. आज कोणी ७४एचसी५९५ ही शिफ्ट रजिस्टर लावून कीपॅड स्कॅन करतो तेव्हा तो नकळत १९७१ ची वाट चालत असतो.

१९७४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० बाजारात आला. प्रोसेसर, स्मृती आणि इनपुट-आउटपुट एकाच चिपवर. कीबोर्डसाठी चार इनपुट होते, त्यांना ‘के’ म्हणत. डिस्प्लेचा एकेक आकडा पेटवणाऱ्या ज्या ‘आर’ तारा होत्या, त्याच तारा कीबोर्डचे कॉलमही जागे करत. आकडा पेटवताना त्याच क्षणी त्या कॉलमातले बटण दाबले आहे का ते पाहायचे. एका तारेकडून दोन कामे करून घेण्याचा हा नमुना स्वस्त कॅल्क्युलेटरमध्ये पुढे कित्येक वर्षे चालला.

महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या पिढ्यांनी हेच ज्ञान ८०८५ च्या ट्रेनर किटवर इंटेल ८२७९ या चिपमधून घेतले. ती चौसष्ट बटणे स्वतः तपासते आणि प्रोसेसरला फक्त उत्तर देते. पुढे ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आला, चाळीस पायांचा, बत्तीस इनपुट-आउटपुट तारांचा. मग कीपॅडचा स्कॅन विद्यार्थी स्वतः असेंब्लीत लिहू लागले.

जागा पाठवा, अक्षर आम्ही ठरवू

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डात ८३ कळा होत्या आणि आत इंटेल ८०४८ हा मायक्रोकंट्रोलर. तो कळांची जाळी तपासे आणि दाबलेल्या कळीचा क्रमांक, म्हणजे तिची जागा, संगणकाला कळवी. कळीवर कोणते अक्षर छापले आहे याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते.

मराठीला याचा मोठा लाभ झाला. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट मांडणी प्रमाण केली. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक सुरू झाले आणि आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांसाठीच्या ‘जिस्ट’ तंत्राचे काम तिथे वाढले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले की त्याच इंग्रजी कीबोर्डावर एलच्या जागी त, जेच्या जागी र, केच्या जागी क उमटू लागले. नवा कीबोर्ड घडवावा लागला नाही, एकही तार बदलावी लागली नाही. मराठी संगणकावर आली त्यात या रो-कॉलमचाही वाटा आहे आणि तो सांगितला जायला हवा.

बोट सावकाश, चिप चपळ

आता आठ तारांत सोळा बटणे कशी वाचतात ते जवळून पाहू. चार रो, चार कॉलम. कॉलमच्या चारही पिना इनपुट ठेवायच्या आणि पुल-अप रेझिस्टरने पाच व्होल्टवर टांगायच्या. मग पहिला रो शून्य व्होल्टवर आणायचा, बाकीचे तीन मोकळे सोडायचे, आणि चारही कॉलम वाचायचे. नंतर दुसरा रो, मग तिसरा, मग चौथा. तिसरा रो शून्यावर असताना पहिला कॉलम शून्य दिसला, तर दाबलेले बटण सात. बाकीचे रो पाच व्होल्टवर ठेवण्यापेक्षा मोकळे सोडलेले बरे. एकाच कॉलममधली दोन बटणे कोणी एकदम दाबली तर पाच व्होल्ट आणि शून्य थेट भिडतात आणि पिनेला इजा होऊ शकते.

हे जमते ते माणसाचे बोट सावकाश असल्यामुळे. बटण साधारण एक दशांश सेकंद दाबलेले राहते. तेवढ्या अवधीत १६ मेगाहर्ट्झच्या उनोचे सोळा लाख ठोके पडतात. चार रो हजारो वेळा तपासून झाले तरी बोट अजून खालीच असते. चिपपाशी पिना कमी, पण वेळ मुबलक. सगळी काटकसर या विषमतेवर उभी आहे.

काटकसरीचे बिलही येते. बटणाचा संपर्क लागताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि एकदा दाबलेले पाचदा दाबल्यासारखे दिसते, म्हणून दहा-वीस मिलिसेकंद थांबून पुन्हा खात्री करावी लागते. दुसरे बिल भुताच्या बटणाचे. १, २ आणि ४ एकदम दाबून धरा. दुसरा रो शून्यावर आला की ते शून्य ४ मधून पहिल्या कॉलममध्ये जाते, तिथून १ मधून पहिल्या रोत आणि २ मधून दुसऱ्या कॉलममध्ये उतरते. चिपला वाटते, ५ दाबला आहे. त्याला कोणी हात लावलेला नसतो. उपाय म्हणजे प्रत्येक बटणासोबत १एन४१४८ सारखा एक डायोड, म्हणजे प्रवाहाला उलट वाट मिळत नाही. कुलपाच्या कीपॅडला याची गरज नसते, कारण तिथे एका वेळी एकच बोट असते. वाद्याच्या किंवा खेळाच्या कीबोर्डाला ती असते.

आठावरून एकावर

आठ तारासुद्धा जड होतात तेव्हा कारागीर पुढच्या पायऱ्या उतरतात. शिफ्ट रजिस्टर लावली तर तीन तारा तिला आणि चार रोना, अशा सातांत बत्तीस बटणे बसतात. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेल्या आय-टू-सी या दोन तारांच्या रस्त्यावर पीसीएफ८५७४ ही चिप ठेवली तर तिचे आठ पाय कीपॅडला पुरतात आणि मायक्रोकंट्रोलरच्या दोनच पिना लागतात. त्याच दोन तारांवर डिस्प्ले आणि घड्याळही राहू शकते. मॅक्सिममध्ये चार्ली अ‍ॅलन यांनी १९९५ च्या सुमारास एलईडींसाठी पुढे आणलेली चार्लीप्लेक्सिंगची रीत बटणांनाही लागू पडते. प्रत्येक पिन कधी आउटपुट, कधी इनपुट, आणि बटणासोबत डायोड. पाच पिनांत वीस बटणे. आठ पायांच्या एटिनी८५ चिपवर काम करणाऱ्याला ती फार उपयोगी.

शेवटची पायरी एका पिनेची. रेझिस्टरांची शिडी करायची, म्हणजे प्रत्येक बटणाला वेगळे व्होल्टेज येते, आणि ते अ‍ॅनालॉग पिनेवर मोजायचे. कितीतरी गाड्यांच्या स्टिअरिंगवरची आवाज आणि फोनची बटणे अशीच जोडलेली असतात, कारण फिरत्या चाकातून फार तारा नेता येत नाहीत. मात्र इथे दोन बटणे एकदम दाबली तर उत्तर चुकते. रेझिस्टर ढिसाळ असले किंवा संपर्कावर गंज चढला तर शेजारचे बटण दाबल्यासारखे वाटते. एका पिनेची किंमत अचूकतेत मोजावी लागते.

माझे मत स्पष्ट आहे. दाराचे कुलूप, पाण्याच्या टाकीचा नियंत्रक, मोटारीचा टायमर, यांसाठी आठ तारांचा साधा रो-कॉलम सर्वांत भरवशाचा. पिना खरोखरच संपल्या तर आय-टू-सी. एका पिनेची शिडी चार-पाच बटणांपलीकडे नेऊ नये. बॅटरीवरचे उपकरण असेल तर सगळे रो शून्यावर ठेवून चिपला झोपवावे आणि कॉलम हलला की इंटरप्टने उठवावे, म्हणजे सेल महिनोन्महिने टिकतो.

आणि खराडी-वाघोलीच्या खोल्यांत आज कोणी पहिला कीपॅड जोडत असेल, त्याला एक आग्रहाचे सांगणे. तयार लायब्ररी किंवा दोन तारांचे मॉड्यूल जरूर वापरा, पण त्याआधी एकदा त्या आठ तारांवर स्कॅनचा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने लिहा. १, २ आणि ४ एकदम दाबून पाच उमटतो का ते डोळ्यांनी पाहा, मग डायोड लावून तो घालवा. त्या संध्याकाळी जे कळेल ते फेराइट कड्यांच्या स्मृतीलाही लागू आहे, टेलिफोनच्या सुरांनाही आणि हातातल्या टचस्क्रीनखालच्या जाळीलाही.